आमच्या माडीच्या गवंडीकाकांना आणि तालमीतल्या पोरांना

प्रिय काका,

समोर आभार मानायला गेले की तुम्ही "चहा टाका ताई" म्हणून विषय बदलता. मजुरीचं विचारलं तेव्हाही तेच केलंत. म्हणून आज चारचौघांत लिहिते आहे.

आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, प्रार्थनेसाठी इथे आहे ती यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या जुन्या घराची माडी. सातारा, कराड, सांगलीहून माणसं आली की सामुदायिक प्रार्थनेला लागणारं दहा पुरुषांचं मिनयान जमतं. नाही जमलं तर सणाला पुण्याच्या रास्ता पेठेतलं सुक्काथ शेलोमो हे प्रार्थनामंदिर गाठायचं.

आमची प्रार्थना यरुशलेमकडे तोंड करून होते, म्हणजे इथून पश्चिमेकडे. सेफेर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवायचं हेखाल हे कपाटही त्याच भिंतीला आहे, आणि साताऱ्याचा पाऊस झोडपतो तोही त्याच अंगानं. मागे एका ठेकेदारानं तिथे सिमेंटचा गिलावा केला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला लोणा फुटला, हेखालाच्या फळ्यांना बुरशी धरली. तुम्ही आलात, बोटांनी भिंत वाजवून बघितलीत, मग कौलांवर चढलात. "भिंतीचा दोष नाही ताई. पन्हाळ फुटलीय, आणि सिमेंटनं आतली ओल कोंडलीय."

सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करायचा, म्हणजे किती दिवसांचं काम! तालमीतली पोरं रोज संध्याकाळी आली. पाट्या उचलल्या, चुना मळला, नवी पन्हाळ बसवली. त्यांच्या हातांना चुन्यानं चिरा पडल्या होत्या, तरी एकानंही खाडा केला नाही.

दोन गोष्टी मी कधी विसरणार नाही. वाळवी लागलेली चौकट काढायच्या आधी तुम्ही उजव्या बाजूच्या मेझुझाकडे, आमच्या दाराला लावतात त्या छोट्या डबीकडे, बोट दाखवून "हे काय?" विचारलंत. आत चर्मपत्रावर हातानं लिहिलेली शेमा ही आमची प्रार्थना आहे, असं मी सांगितलं. तुम्ही हात धुतलेत, स्क्रू अलगद काढलेत आणि धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ती दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलीत.

दुसरी शब्बाथची, म्हणजे शुक्रवारच्या दिवेलागणीपासून पाळायच्या आमच्या विश्रांतीच्या दिवसाची. कोकणात आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. हे ऐकल्यापासून तुम्हीही शनिवारी थापी धरली नाहीत. पण ओला गिलावा सुकला तर तडकतो. त्यासाठी दर शुक्रवारी दिवेलागणीच्या आत तुम्ही भिंतीवर भिजलेली पोती लावून जायचात, शनिवारी कुणाला पाणी मारायला लागू नये म्हणून. आम्ही यातलं काही करायला सांगितलं नव्हतं.

माडीवर पहिली प्रार्थना झाली त्या दिवशी एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा हा प्रसाद केला. पोरांनी पोहे-खोबऱ्याची ताटं पुन्हा पुन्हा मागून घेतली, तेव्हा माझ्या सासूबाईंचे डोळे भरून आले होते.

परवा रात्रभर पाऊस कोसळला. पहाटे उठून मी आधी माडीवर गेले आणि हेखालाशेजारी भिंतीला तळहात लावला. कोरडी होती, काका.

तुमची,
माडीवरची ताई
सातारा