मॅटप्लॉटलिब घडवणाऱ्यांचे आभार : वर्तुळ गोल दिसावं म्हणून

मॅटप्लॉटलिब लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत नीट पाहता यावेत म्हणून जॉन हंटर यांनी मॅटप्लॉटलिबचं, म्हणजे पायथॉन या संगणकभाषेत आलेख काढण्याच्या संचाचं, काम हाती घेतलं आणि २००३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१२ मध्ये ते गेले. तुम्ही हे काम थांबू दिलं नाहीत, याबद्दल आधी नमस्कार. बाकीचं पत्र मात्र एका छोट्या आकृतीबद्दल आहे. आलेखावर वर्तुळ काढताना या संचाची खरी गुणवत्ता कळते, असं आम्हाला वाटतं.

नवशिक्याचं पहिलं वर्तुळ हमखास चपटं येतं. तुमची मूळ आकृती ६.४ बाय ४.८ इंचांची, आणि समास वगळल्यावर आलेखाला उरते साधारण ४.९६ बाय ३.७० इंच जागा. दोन्ही अक्षांवर सारखीच व्याप्ती असेल, तर वर्तुळ उंचीच्या १.३४ पट रुंद दिसणारच. गणित चुकलेलं नसतं. सेट_ॲस्पेक्ट('इक्वल') ही एक ओळ लिहिली की दोन्ही अक्षांवरचं एक एकक कागदावर सारख्याच लांबीचं होतं. शिवाय ॲडजस्टेबल ठरवायची मुभा तुम्ही दिलीत: 'बॉक्स' म्हटलं तर चौकट आक्रसते, 'डेटालिम' म्हटलं तर चौकट तशीच राहून अक्षाची मर्यादा वाढते. अहवालात आलेखांचे आकार जुळवायचे असतात तेव्हा दुसरा पर्याय फार उपयोगी पडतो.

पॅचेस या तयार आकारांच्या विभागातल्या सर्कलबद्दल विशेष आभार. केंद्राची जोडी आणि त्रिज्या द्यायची, ॲड_पॅचने ते आलेखावर ठेवायचं, झालं. आतून ते आठ बेझिये वक्रांनी, म्हणजे सूत्राने आखलेल्या गुळगुळीत वक्रांनी, बनतं, त्यामुळे पीडीएफ कितीही मोठी करून पाहिली तरी कडा खडबडीत होत नाही. अडतं एकाच जागी: केंद्र (५, ५) आणि त्रिज्या २ दिली, तर पडदा कोरा. चूक दाखवणारा संदेशही येत नाही, कारण चूक नसतेच. ॲड_पॅच अक्षांची मर्यादा आपणहून बदलत नाही. ती ० ते १ राहते आणि वर्तुळ चौकटीबाहेर पडतं. पुढच्या ओळीत ऑटोस्केल_व्ह्यू() लिहावं. नुसता परीघ हवा असेल तर सर्कलला फिल=फॉल्स द्यावं.

बिंदू मोजून वर्तुळ काढणाऱ्यांनी क्षवरून य काढायला वर्गमुळाच्या वाटेला जाऊ नये. त्रिज्या १ आणि क्षची पायरी ०.१ घेतली, तर क्ष ०.९ वरून १ वर जाताना य ०.४४ वरून थेट शून्यावर येतो. वरचा भाग गुळगुळीत आणि दोन्ही बाजू कापल्यासारख्या. कोन घेऊन कोसाइन-साइन वापरावं. तिथेही ठरावीक पायरीने आकडे देणाऱ्या एरेंजने ०.१ च्या पायऱ्या घेतल्या तर शेवटचा कोन ६.२ रेडियन येतो (पूर्ण वर्तुळ ६.२८ चं) आणि वर्तुळ जवळपास ५ अंश उघडं राहतं. हवे तितके समान अंतराचे आकडे देणारा लिनस्पेस शेवटचा बिंदू धरतो, म्हणून तोच बरा. १०१ बिंदू, म्हणजे १०० रेषाखंड, घेतले तर खऱ्या परिघापासूनचं अंतर त्रिज्येच्या ०.०५ टक्क्यापलीकडे जात नाही.

सुटे बिंदू मांडणाऱ्या स्कॅटरचे गोल हे वेगळंच प्रकरण, आणि ते तुम्ही वेगळं ठेवलंत हे फार चांगलं केलंत. तिथे गोलाचा आकार ठरवणारा एस म्हणजे त्रिज्या नव्हे. तो पॉइंटांच्या वर्गात मोजतात, आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. एस १०० दिला तर व्यास १० पॉइंट; व्यास दुप्पट करायचा तर एस ४००. आलेख मोठा करून पाहिला तरी हे गोल तेवढेच राहतात. मोबाइल टॉवरची कक्षा दाखवायची असेल तर स्कॅटर चुकीचा, सर्कल बरोबर. लॉग (लॉगरिदमच्या मापाच्या) अक्षावर सर्कल अंड्यासारखं होतं, तिथे खुणेसाठी स्कॅटरच हवा.

नकाशावर अक्षांश-रेखांशात वर्तुळ काढताना आणखी एक काळजी. पुण्याजवळ रेखांशाचा एक अंश साधारण १०५.६ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा ११०.७. म्हणून १० किलोमीटर त्रिज्येसाठी सर्कल न घेता एलिप्स (लंबवर्तुळ) घ्यावा: रुंदी ०.१८९ अंश, उंची ०.१८१ अंश. मग सेट_ॲस्पेक्ट(१.०५) लिहिलं की तो पडद्यावर गोल दिसतो. 'इक्वल'च्या जागी आकडाही चालेल अशी सोय तुम्ही ठेवलीत, त्याबद्दल पुन्हा एकदा मनापासून धन्यवाद.

आपले स्नेहांकित,
पायथॉनमध्ये आलेख काढणारे काही मराठी वापरकर्ते