साखरेची बाजू घेऊन

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "साखर म्हणजे रक्तवाहिन्यांची वैरीण, विषय संपला!" तेव्हा मी नुसतं हूं केलं. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

तुझ्या रिपोर्टमधला एचबीएवनसी हा आकडा म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाला चिकटलेली आगंतुक साखर. रक्तात ती फार झाली की दिसेल त्या प्रथिनाला आपसूक चिकटते. तांबडी पेशी जगते साधारण 120 दिवस, म्हणून त्या आकड्यात दोन-तीन महिन्यांचा हिशेब सापडतो. दुसरी साखर मात्र पेशी स्वतः एन्झाइमांकरवी, ठरलेल्या जागी, प्रथिनांवर चढवते. दोघींना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर या दुसऱ्या साखरेची लव असते. नाव ग्लायकोकॅलिक्स. (नाव भयंकर आहे, कबूल!) पेशीतून प्रथिनं बाहेर डोकावतात आणि त्यांना हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या लांबलचक साखळ्या लोंबत असतात. गंमत म्हणजे ही लव बरीच वर्षं कुणाला धड दिसलीच नव्हती. नमुना तयार करतानाच ती नाहीशी व्हायची. 1966 मध्ये ल्युफ्ट या शास्त्रज्ञांनी रुथेनियम रेड हा रंग वापरला, तेव्हा कुठे ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली उमटली.

रक्त वाहतं तशी ही लव ओढली जाते. ती ओढ पेशीला कळते, पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि भिंतीतला स्नायू सैलावतो. प्रयोगशाळेत पेशींवरचं हेपरान सल्फेट एन्झाइमने कापून टाकलं, तर वरून द्रव कितीही वाहू दे, नायट्रिक ऑक्साइड वाढत नाही! पेशी जिवंत, प्रवाह तोच, पण तिला पत्ताच नाही. मला तर हे वाचून थांबावंच लागलं होतं.

शिवाय याच साखळ्यांना अँटीथ्रॉम्बिन हे रक्तातलं प्रथिन येऊन बसतं आणि रक्त उगाच गोठू देत नाही. गुठळी होऊ नये म्हणून देतात ते हेपरिन याच साखळ्यांचं सख्खं भावंड.

आता तू विचारशील, मग गोड खाऊ का? नाही रे बाबा! रक्तातली साखर चढली की हीच लव विरळ होते. म्हणजे वैतागलास ते बरोबरच, फक्त सरसकट सगळ्या साखरेला शिव्या घातल्यास.

पुढचा रिपोर्ट आला की आकडा कळव. लपवू नकोस, मागच्या वेळेसारखा.

तुझाच,
मिलिंद