ट्रॅक घेऊ का?

प्रिय बंड्या,

हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार? इथे ऑफिसात सांगितलं तर 'खेळण्यातल्या गाड्या ना?' म्हणून विषय संपतो. तब्येत बरी, साखर आटोक्यात. पुढचं ऐक.

आमचा स्लॉट कार ट्रॅक, म्हणजे खाचेत अडकून विजेवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांचा ट्रॅक, बंद होतोय. मालक थकलेत, जागेचं भाडं वाढलंय. परवा रेस संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ट्रॅक तू घेऊन जा. पैसे नकोत, फक्त त्याच्यावर करवत चालवू नकोस." तेव्हापासून झोप उडाली आहे.

अरे, घेऊन जा म्हणजे काय! 'किंग' ट्रॅक आहे तो. आठ लेन, एक फेरी 155 फुटांची. लाकडात कोरलेल्या खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी. पंखवाल्या गाड्या ही फेरी दोन सेकंदांच्या आत मारतात! 1957 साली इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिसनं आणलेला स्केलेक्स्ट्रिक हा अशाच गाड्यांचा खेळण्यातला सेट आजही विकत मिळतो, घरात मांडता येतो. हे धूड आमच्या तळघरात शिरणारसुद्धा नाही. 1960च्या दशकात अमेरिकेत गावोगाव अशा ट्रॅकचे हॉल निघाले आणि दशक संपेपर्यंत बहुतेक बंदही पडले. आता कुठे कुठे उरलेत.

डिप्लोमाच्या लॅबमधलं भांडण आठवतंय? 'फिरती मोटर शॉर्ट केलीस तर जळेल' म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं होतंस. इथे हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर पूर्ण सोडला की तेच होतं, बाबा. वीज तुटते, मोटरची दोन्ही टोकं कंट्रोलरच्या लाल वायरमधून जुळतात, मोटर जनरेटर होते आणि गाडीला करकचून ब्रेक लागतो. तू आजही मान्य करणार नाहीस.

ट्रॅक सुट्या भागांत निघतो, पण पुन्हा जोडताना सांध्यावर खाच केसभर जरी सरकली तरी गाडी उडणार. गोदाम घ्यावं तर भाडं कुठून आणू? हिला अजून सांगितलेलं नाही. आणि नको म्हणावं तर लेकीचा चेहरा समोर येतो. तिथे प्रत्येकाला आठही लेनवर सारखा वेळ मिळतो, मग फेऱ्यांची बेरीज. आपली पाळी नसेल तेव्हा वळणावर उभं राहून इतरांच्या उडालेल्या गाड्या खाचेत बसवायच्या. ज्याच्याशी चुरस आहे त्याची गाडीसुद्धा तितक्याच चपळाईनं. बारा वर्षांची पोर सत्तरीच्या माणसांच्या गाड्या उचलते आणि ते तिची. घरी सेट आणून दिला तरी ही माणसं कुठून आणू?

दुकान कसं चाललंय? वाइंडिंगला नवा पोरगा मिळाला का? वहिनींचा गुडघा? धाकट्याची ॲडमिशन झाली का, तेही कळव. काकांना नमस्कार.

मालकांना महिनाअखेरीस सांगायचंय, त्याआधी उत्तर दे. फोन नको, फोनवर तू नुसता भांडतोस. सांधे जुळवायची युक्ती सुचली तर कागदावर आकृती काढून फोटो पाठव.

तुझा,
अव्या