गटनेता ज्याचा त्याने निवडावा

भाजपच्या विधिमंडळ पक्षनेतेपदी देवेंद्र फडणवीस यांची निवड झाल्याची बातमी (५ डिसेंबर) वाचली. विधानसभा निवडणुकीचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला, निवड ४ डिसेंबरला झाली. मधल्या दिवसांत मित्रपक्ष असलेल्या शिंदे यांच्या शिवसेनेच्या नेत्यांनी 'बिहार पॅटर्न' पुढे करून मुख्यमंत्रिपदासाठी जो धोशा लावला, तो पटण्यासारखा नव्हता. बिहारमध्ये २०२० साली भाजपच्या ७४ आणि नितीशकुमारांच्या जदयूच्या ४३ जागा असूनही नितीशकुमारच मुख्यमंत्री झाले हे खरे, पण त्यांचे नाव मतदानाआधीच जाहीर होते. महायुतीने असा चेहरा दिलाच नव्हता. मग १३२ आमदारांच्या पक्षाने आपला नेता कोणाला करावे, यात ५७ आमदारांच्या पक्षाने का पडावे? खाती मागावीत, त्यासाठी भांडावेही.

एकनाथ शिंदे मधेच महाबळेश्वर तालुक्यातल्या दरे या आपल्या मूळ गावी आले, तेव्हा आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या चहावाल्यापासून सगळे महाबळेश्वरच्या दिशेने कान लावून होते. गंमत वाटली, पण राज्याचा कारभार त्या दिवसांत काळजीवाहू होता.

भाजपही यात निर्दोष नाही. दिल्लीचे निरीक्षक येईपर्यंत आमदारांनी तोंड उघडायचे नाही, ही रीत काँग्रेसकडून जशीच्या तशी उचललेली दिसते. युतीने मुख्यमंत्र्याचे नाव किंवा ते ठरवण्याची पद्धत जाहीरनाम्यातच छापली असती, तर मतदारांनाही मत कोणाला जाते आहे ते कळले असते.

— एक वाचक, सातारा