कागदावरच्या काळ्या वाळूबद्दल, काका, आभार

काका, सप्रेम नमस्कार.

तक्रार एवढीच होती की माझ्या मेटल डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची धातू हुडकणारी चकती, वाळूला टेकली की उगाचच बीप वाजतो. मोठ्या शहरातल्या दुकानदारांनी कव्हरला हातही न लावता निकाल देऊन टाकला, "कॉइल गेली, नवीन घ्या." तुम्ही आधी कॉइलखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलंत, कोऱ्या कागदावर आपटलंत आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवलंत. मांडवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू चुंबकामागोमाग रेघ धरून सरकली. कोणाला कमी लेखणं नाही की भाषण नाही, फक्त तो कागद पुढे केलात. सगळ्यात जास्त आभार त्याचेच.

कॉइल फिरवताना कव्हरात अडकलेली ही वाळू आतल्या आत सरकत राहते आणि मशीन तिलाच धातू समजतं. म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर दर वेळी कव्हर काढायचं, दोन्ही भाग गोड्या पाण्याने धुवायचे आणि पुरते सुकल्यावरच बसवायचे.

तुमच्या बाकीच्या ताकिदीही सोन्यासारख्या. दांड्याला तेल नाही म्हणजे नाही. तेलावर वाळू बसते आणि एकात एक सरकणाऱ्या नळ्या घासून जाम होतात. लॉक सोडून नळ्या वेगळ्या करून धुवायच्या, तेही साध्या धारेखाली. प्रेशरच्या पाइपने कण पाणी अडवणाऱ्या सीलच्या आत ढकलले जातात. बॅटरीच्या झाकणातल्या ओ-रिंगवर, म्हणजे गोल रबरी कडीवर, एक कण, नाहीतर एखादा केस राहिला तरी पाणी शिरतं. रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस जेमतेम चकाकेल इतकंच लावायचं. उन्हात तापलेलं मशीन लगेच पाण्यात घालायचं नाही, कारण आतली हवा आकसते आणि सील जरा जरी ढिलं असलं तरी पाणी आत खेचलं जातं. चार्जर चुंबकाने चिकटणारा असेल तर त्यावरची काळी कणी पुसायची नाही, चिकटपट्टीने टिपायची. कंट्रोल बॉक्सला पिशवी घट्ट बांधली तर वाळू अडते खरी, पण आत दमटपणा कोंडतो.

दुरुस्तीवर ज्याचं पोट आहे त्यानेच गिऱ्हाइकाला पुन्हा यावं लागू नये असं शिकवावं! अशी सचोटीची माणसं अजून बाजारात बसलेली आहेत, हे मोठ्या दुकानांनाही कळू दे.

आणि हो, कॉइलच्या बोल्टाजवळचे झिजलेले रबरी वॉशर बदललेत, त्याचे पैसे घेतले नाहीत. तेवढे मात्र घ्यावे लागतील.

आपला ऋणी