परसातल्या लिंबाचे दुखणे बुंध्याशी शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२२ च्या एप्रिलमध्ये बाजारात एकेक लिंबू दहा रुपयांवर गेले, तेव्हा ज्यांच्या परसात झाड आहे त्यांनाही लिंबे विकतच आणावी लागली. झाड उभे असते, पण पाने पिवळी, शेंडे वाळलेले आणि फळांवर खरखरीत खपल्या. असे झाले की दुकानातून ‘टॉनिक’ची बाटली येते आणि पानांवर फवारली जाते. बुंध्याकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. कागदी लिंबाची बरीचशी दुखणी तिथेच सुरू होतात, आणि ती आवरण्याची वेळ आत्ता आहे, कारण मृगाचा पाऊस आठ-पंधरा दिवसांवर आला आहे. म्हणून हे पत्र.

लिंबाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटात, आणि बरीचशी झाडाच्या घेराच्या कडेला असतात. बुंध्याला पाणी लागत नाही, आणि ते तिथे साचलेले त्याला सोसतही नाही. आपल्याकडे लिंबू लावतात न्हाणीच्या मोरीजवळ, म्हणजे आयते पाणी मिळते. अळू आणि केळ त्या जागी मजेत वाढतात. लिंबाचा बुंधा मात्र बारा महिने ओला राहतो, मातीतली फायटोप्थोरा नावाची बुरशी सालीत शिरते आणि जमिनीलगत साल काळपट होऊन भेगांतून डिंक झरू लागतो. हाच डिंक्या. शिवाय मोरीच्या पाण्यातला साबणाचा क्षार मातीत मुरतो, माती घट्ट होते आणि मुळांचा श्वास कोंडतो. हल्ली गृहसंस्थांच्या आवारात फरसबंदीचे ब्लॉक थेट खोडाला भिडवतात, किंवा झाडाभोवती ओटा बांधून त्यात हातभर माती भरतात. दोन्ही सारखेच घातक.

तेव्हा आधी खुरपे घ्या आणि खोडाभोवतीची माती हलक्या हाताने बाजूला सारा. वरची जाड मुळे जिथे फुटतात तो भाग उघडा दिसला पाहिजे. झाड कलमी असेल तर डोळा भरल्याची गाठ (कलमाचा जोड) जमिनीपासून किमान वीतभर वर हवी. साल ओली, काळपट, दारूसारखा आंबूस वास येणारी असेल, तर धारदार चाकूने तेवढीच खरवडून निरोगी पिवळसर-हिरवी साल लागेपर्यंत जखम साफ करा. खरवडलेली साल तिथेच टाकू नका, जाळा. सडका पट्टा खोडाच्या निम्म्याहून जास्त घेरात फिरला असेल तर ते झाड सहसा वाचत नाही. त्याच खड्ड्यात लगेच दुसरे लिंबू लावणेही चुकीचे, कारण बुरशी मातीत टिकून असते.

जखम साफ झाली की बोर्डो मलम लावा. प्रमाण सोपे आहे : १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. मोरचूद बारीक करून प्लास्टिकच्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात भिजत घाला. ते विरघळायला वेळ लागतो, म्हणून आदल्या रात्रीच घातलेले बरे. चुना दुसऱ्या भांड्यात उरलेल्या पाण्यात विझवून, थंड करून गाळून घ्या. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळा. भांडे लोखंडी नको. मलमात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहा : त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे आणि साल भाजेल. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासा. तयार मलम त्याच दिवशी ब्रशने जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत खोडाला लावा. वर्षातून दोनदा, पावसाआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा. नुसता चुना किंवा गेरू लावलेले खोड नीटनेटके दिसते, पण बुरशीला त्याने मोरचुदासारखा आळा बसत नाही.

पाण्यासाठी दुहेरी आळे करा. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथवर पडते तिथे बाहेरची कडा, आणि खोडापासून फूट-दीड फुटावर आतली कडा. पाणी आणि खत या दोन कडांच्या मधल्या पट्ट्यात. आतल्या कडेपासून खोडाकडे माती थोडी चढती ठेवा. मोरीचे पाणी वळवता येत असेल तर केळीकडे वळवा. पाणी रोज देण्याची सवय सोडली तरी झाड सुधारते. पट्ट्यातली माती चार बोटे खोल उकरून मुठीत दाबा, गोळा होत असेल तर अजून पाणी नको. भारी काळ्या जमिनीत भर उन्हाळ्यातही आठवड्याने पाणी पुरते, मुरमाड जमिनीत तीन-चार दिवसांनी लागते. कधी कोरडे, कधी एकदम भरपूर, असे झाले की वाढती फळे तडकतात. त्यावर कोणतेही औषध नाही, नियमित पाणी आणि पट्ट्यात पाचोळ्याचे आच्छादन एवढेच.

आता फळांवरच्या खपल्या, म्हणजे खैऱ्या. हा जिवाणूजन्य रोग आहे. पानावर दोन्ही बाजूंनी उठलेले, हाताला खरखरीत लागणारे तपकिरी ठिपके आणि त्यांच्याभोवती पिवळी कडा, ही त्याची खूण. कागदी लिंबू याला फार लवकर बळी पडते, संत्रा बऱ्यापैकी तग धरतो. पावसाचे थेंब आणि वारा जिवाणू पसरवतात, आणि काट्यांनी झालेले ओरखडे व नागअळी या पान पोखरणाऱ्या किडीच्या जखमा त्यांना आत शिरायला वाट देतात. म्हणून काम पाऊस पडण्याआधीचे आहे. ठिपके पडलेल्या आणि वाळलेल्या फांद्या चार बोटे निरोगी भागासह कापा, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा, खाली पडलेली पाने-फळेही गोळा करून जाळा. कापलेल्या तोंडांना तेच बोर्डो मलम लावा. त्यानंतर कॉपर ऑक्सिक्लोराइड ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून पानांच्या दोन्ही बाजूंना बसेल असे फवारा आणि पावसाळाभर उघडीप पाहून महिन्याने पुन्हा करा. हाताला मोजे, तोंडाला फडके हवे. बागांसाठी यात स्ट्रेप्टोसायक्लीनही सांगितले जात आले आहे. ज्या झाडाचे लिंबू आपण रोज पानात पिळतो, त्यावर प्रतिजैविक फवारू नये असे आमचे ठाम मत आहे. छाटणी वेळेवर झाली तर ताम्रयुक्त औषध पुरते. खपल्या पडलेले लिंबू आतून चांगले असते, ते टाकून देऊ नका. नवे झाड लावणाऱ्यांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई शरबती ही जात मागावी, ती खैऱ्याला साध्या कागदी लिंबापेक्षा बरी तोंड देते.

पाने पिवळी म्हटले की लोक युरिया टाकतात. आधी कोणती पाने पिवळी ते पाहा. जुनी, खालची पाने सगळीच फिकट झाली तर नत्र कमी. जुन्या पानात देठाकडे हिरवा त्रिकोण उरून बाकी पिवळे, तर मॅग्नेशियम. नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्यागार, तर लोह. नवी पाने लहान, अरुंद, शिरांमध्ये पिवळे डाग, तर जस्त. घराभोवतीच्या झाडांत शेवटच्या दोन तक्रारी फार, आणि त्याचे कारण बांधकामाचा राडारोडा. खड्डा भरताना चुना-सिमेंटचे तुकडे मातीत जातात, माती अल्कधर्मी होते आणि लोह-जस्त असूनही मुळांना उचलता येत नाही. तिथे हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) मातीत ओतून उपयोग नाही, तो तिथेच अडकून पडतो. ५० ग्रॅम झिंक सल्फेट, ५० ग्रॅम हिराकस आणि २५ ग्रॅम विझवलेल्या चुन्याची निवळी १० लिटर पाण्यात मिसळून, नव्या पालवीची पाने दोन-तृतीयांश वाढली असताना संध्याकाळी फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. आणि एक तपासणी विसरू नका : एका बाजूच्या फांदीवरचीच पाने मधल्या शिरेच्या दोन बाजूंना वेगवेगळी, ठिगळांसारखी पिवळी होत असतील आणि फळे वाकडी, लहान राहत असतील, तर तो ग्रीनिंग नावाचा रोग असू शकतो. त्याला इलाज नाही. तो सिट्रस सिला नावाच्या बारीक किडीमार्फत पसरतो, आणि ही कीड शेजारच्या कढीपत्त्यावर आणि कुंतीवरही राहते. म्हणून कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यांवरही नजर हवी.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘लिंबू लागत का नाही?’ बियांपासून वाढवलेले झाड पाच-सहा वर्षे घेतेच, त्याला ‘जंगली’ ठरवून तोडू नका. कागदी लिंबाच्या एका बीत अनेकदा दोन-तीन कोंब असतात आणि त्यांतले बहुतेक मूळ झाडासारखेच निपजतात. कलमी झाडाची गोष्ट वेगळी. गाठीच्या खालून फुटलेली जोमदार फूट जंबेरीची किंवा रंगपूर लिंबाची, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या खुंटाची असते. ती वाढू दिली तर वरचे कलम मरते आणि पुढे जाड, खडबडीत सालीची फळे येऊ लागतात. अशी फूट कोवळी असतानाच हाताने मुळापासून ओढून काढा. कापली तर तिथूनच पुन्हा दोन फुटतात. आतल्या बाजूने सरळ उभे वाढणारे पाणसोटही काढावेत.

झाड वयाचे आहे, गर्द हिरवे आहे आणि तरी फूल नाही, तर दोनच कारणे : ऊन कमी किंवा पाणी-खताचे लाड जास्त. सहा तास थेट ऊन न मिळणाऱ्या झाडाकडून बहराची आशा धरू नये. लाडांवर उपाय ताणाचा, म्हणजे काही काळ पाणी तोडण्याचा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबिया बहरासाठी डिसेंबरात पाणी तोडा. मध्यम जमिनीत साधारण महिनाभराने पाने मलूल होतात, पाव भाग गळतात, तेव्हा ताण पुरला समजा. मग आळ्यात शेणखत मिसळून पहिले पाणी हलके, चार-पाच दिवसांनी दुसरे त्याहून जास्त, मग नेहमीचे. एकदम पाट सोडल्यासारखे पाणी दिले तर फुलांऐवजी पालवी फुटते. उन्हाळ्यात लिंबे हवी असतील तर फूल सप्टेंबर-ऑक्टोबरात, हस्त बहराला यायला हवे. तेव्हा पावसाने उघडीप दिली की पाणी देऊ नका आणि आळ्यात साचलेलेही चर काढून घालवा. खोडाला खिळे ठोकून किंवा मुळे तोडून फळे येतात हा समज सोडा, त्या जखमांतूनच डिंक्या शिरतो. मोठ्या झाडाला वर्षाला १५ ते २० किलो कुजलेले शेणखत आणि दोन किलो निंबोळी पेंड पुरे. युरिया द्यायचाच तर पाव किलोप्रमाणे तीन हप्त्यांत, ताणाच्या काळात अजिबात नाही.

किडींबद्दल थोडक्यात. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवी होणारी अळी लिंबाच्या फुलपाखराची. लहान रोप ती काही दिवसांत निष्पर्ण करते, म्हणून रोज सकाळी हाताने वेचा. मोठ्या झाडाने चार अळ्या पोसल्या तर बिघडत नाही. कोवळ्या पानात चांदीसारख्या नागमोडी रेघा ओढते ती नागअळी, नवी पालवी दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाने काजळी धरल्यासारखी काळी होतात ती कोळशी : काळी माशी किंवा मावा यांच्या चिकट स्रावावर ती वाढते, म्हणून आधी किडींवर १० लिटर पाण्यात ५० मिली कडुनिंबाचे तेल आणि १० मिली पातळ साबण फवारा. काळा थर काढायला मैद्याची खळ उत्तम. ५० ग्रॅम मैदा पाव लिटर पाण्यात शिजवा, थंड झाल्यावर लिटरभर करून कडक उन्हाच्या दिवशी फवारा, थर पापुद्र्यासारखा निघून पडतो. खोडाच्या बेचक्यात भुसा आणि जाळी दिसली तर ती साल खाणारी अळी. जाळी झाडून भोकात तार घाला, मग रॉकेलचा बोळा आणि वरून चिखलाचा लेप.

रोपवाटिकांना एक मागणी. रोपाच्या पिशवीला जात, ते बियांचे की कलमी, आणि कलमी असेल तर खुंट कोणता, एवढी चिठ्ठी अडकवावी. ‘कलमी’ या एका शब्दावर दुप्पट पैसे घेताना हे सांगायला हरकत नसावी. आणि गृहसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती : आवारातल्या लिंबाभोवतीचे ब्लॉक निदान तीन फुटांच्या घेरात या आठवड्यात उचला. पाऊस सुरू झाल्यावर उचलले तर ओल्या मातीत फावडे मुळांवर बसेल.

आपले विश्वासू,
लिंबूवर्गीय फळझाडांचे काही अभ्यासक,
श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर