सॅकचा रकाना जरा बाजूला ठेव

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलच्या डिफेन्सिव्ह लाइनमनचा (बचावाच्या पुढच्या रांगेतल्या गड्यांचा), त्यांच्या मापांचा आणि सॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला लोळवल्याच्या आकड्यांचा, तुझा तक्ता मिळाला. आईने बघून "रंग छान दिलेत" एवढाच अभिप्राय दिला. मी मात्र जेवणं आटोपल्यावर चष्मा लावून ओळ न् ओळ वाचला. फोनवर बोलायला गेलो की तू "हो बाबा, कळलं बाबा" करून मला गुंडाळतेस, म्हणून हे सविस्तर लिहितोय. सवडीने वाच, पण प्रोजेक्ट द्यायच्या आधी वाच.

माणूस छान निवडलास. ॲरन डोनाल्ड म्हणजे आपल्या पिट्सबर्गचाच पोरगा. पेन हिल्सच्या ज्या बालाजीच्या देवळात तू लहानपणी दर्शनापेक्षा चिंचभाताच्या ओढीने यायचीस, त्याच पेन हिल्सच्या हायस्कूलमधून तो खेळला आणि पुढे पिट विद्यापीठात गेला. तुझा प्रश्नही रास्त आहे. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू उचलतात त्यात, त्याच्याआधी बारा जण उचलले गेले, तो तेरावा. पुढे तीनदा एनएफएल या व्यावसायिक लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरलेला हा माणूस बारा वेळा हातचा सुटतो कसा? माझं भांडण आहे ते तुझ्या शेवटच्या वाक्याशी: "डिफेन्सिव्ह लाइनमनची पारख हा निव्वळ मटका आहे." मटका नाहीये गं. पारख अवघड आहे, पण तिला रीत आहे, आणि ती तुझ्या रकान्यांत मला दिसली नाही.

आधी त्या बारा निवडींची बाजू ऐकून घे. पहिला गेला जेडेव्हियन क्लाउनी, ह्यूस्टनकडे. पाचवा खलील मॅक, जो २०१६ साली स्वतः सर्वोत्तम बचावपटू ठरला. सातवा माइक एव्हन्स, बारावा ओडेल बेकम. ही काही डोळे झाकून उचललेली माणसं नव्हेत. जस्टिन गिल्बर्टसारखी साफ फसलेली निवडही त्यातच आहे, ते सोड. आणि एक गंमत तुझ्या नजरेतून सुटली. दुसरा नंबर कुणाचा होता? डोनाल्डला घेणाऱ्या रॅम्स टीमचाच! त्यांनी तिथे ग्रेग रॉबिन्सन नावाचा ऑफेन्सिव्ह टॅकल (चढाईच्या रांगेतला अडवणारा गडी) घेतला आणि तेराव्याला डोनाल्ड. रॉबिन्सन टिकला नाही. म्हणजे ज्यांच्या पारखीचं आज कौतुक होतं, त्यांनीही त्याला एकदा सोडलेलंच होतं.

आपल्या पिट्सबर्गच्या स्टीलर्स टीमचं तर विचारूच नकोस. साउथ साइडला नदीकाठी सरावाच्या ज्या संकुलात स्टीलर्स, त्यातच पिटची टीम. मैदानही दोघांचं एकच. एवढ्या जवळून त्याला कुणीच पाहिलेलं नसेल. त्यांचा नंबर होता पंधरावा. दोन जागा वर सरकायचा सौदा त्यांनी केला नाही. कारण आहे. तेव्हा ते ३-४ मांडणी खेळत. पुढच्या रांगेत तीनच माणसं, तीही अंगापिंडाने दांडगी, आणि डोनाल्डसारख्या २८५ पौंडांच्या डिफेन्सिव्ह टॅकलला (बचावाच्या रांगेत आत खेळणाऱ्याला) त्यात घरची अशी जागा नव्हती. त्यांनी रायन शेझियर घेतला. चांगलाच खेळत होता, पण डिसेंबर २०१७ मध्ये सिनसिनाटीत मणक्याला इजा झाली आणि खेळ संपला. त्या रात्री घरात कुणाला जेवण गेलं नव्हतं, तुला आठवत असेल.

आता अंगमापाचं. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधी खेळाडूंची मापं आणि कसरती बघतात तिथे, डोनाल्डची उंची भरली सहा फूट पाऊण इंच. त्या काळी आतल्या टॅकलला सहा-तीन उंची आणि तीनशेच्या पुढे वजन हवं, असा सगळ्यांचा हिशेब. भीती अशी की दोन धिप्पाड माणसं एकदम अंगावर आली की हा मागे ढकलला जाईल आणि त्या जागेतून रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) निघून जाईल. भीती खोटी नव्हती. असे बुटके टॅकल कॉलेजात गाजतात आणि पुढे दोन वर्षांत नाहीसे होतात. पण त्याच कम्बाइनमध्ये तो चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत पळाला, २२५ पौंडांची पट्टी ३५ वेळा उचलली, आणि उंचीच्या मानाने त्याचे हात लांब निघाले, साडेबत्तीस इंचांहून थोडे जास्तच. हाताचं माप तुझ्या तक्त्यात नाहीच! उंचीपेक्षा ते महत्त्वाचं, कारण समोरच्याच्या छातीला आधी कुणाचा पंजा लागतो यावर निम्मी झुंज ठरते.

मी लहान असताना तुझे आजोबा मला खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. उंचापुरा पैलवान आखाड्यात उतरला की पब्लिक शिट्ट्या मारायचं आणि आजोबा मात्र दोघांच्या कमरेकडे बघत बसायचे. ज्याची कंबर खाली, तो दुसऱ्याच्या काखेखाली शिरणार; मग वरच्याचं वजन त्याच्याच गळ्यात. फुटबॉलमध्ये दोन टीमा समोरासमोर उभ्या राहतात त्या रेषेवरही हेच चालतं. गार्डला (समोरच्या रांगेत अडवायला उभ्या असलेल्याला) वाकून डोनाल्डपर्यंत पोचावं लागायचं आणि डोनाल्ड मुळातच खाली असायचा. सगळे ज्याला उणीव म्हणत होते, तिच्यावर त्याने दहा वर्षं पोट भरलं.

मग बघायचं कसं? तक्ता मिटून फिल्म लाव. २०१३ ची जॉर्जिया टेकविरुद्धची मॅच काढ. पिट हरली त्या दिवशी, पण डोनाल्डने सहा वेळा चेंडूवाल्याला रेषेमागेच गाठलं. त्यातला एक क्षण थांबवून थांबवून बघ. टेकची टीम तेव्हा ऑप्शन खेळायची: क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, डाव चालवणारा) चेंडू मागच्या गड्याच्या पोटाशी नेतो, द्यायचा की ठेवायचा ते अजून ठरायचंय. इतक्यात डोनाल्ड आत. त्याने निवड केलीच नाही, दोघांना एकाच मिठीत घेऊन आडवं केलं. यात काय बघायचं? चेंडू हलला तेव्हा त्याचा पाय उचलला होता की नाही, ते. शेजारचे तिघे अजून हात टेकवूनच असतात आणि याचं पहिलं पाऊल पडून गेलेलं असतं. स्टॉपवॉचवर चाळीस यार्ड पळणारे पुष्कळ, पण चेंडूबरोबर सुटणारे थोडे. आणि त्याला पळायचे असतात दोन-तीन यार्ड!

दुसरं, हात. गार्ड छातीवर पंजे टाकायला येतो, त्याआधी त्याचं मनगट उडवायचं, कोपर दाबायचं, आणि कंबर वळवून त्याच्या बाजूने निघून जायचं. लीगमध्ये गेल्यावर तो याच्या सरावाला हातात नकली सुरे धरलेला माणूस समोर उभा करायचा. तो व्हिडिओ तू मलाच पाठवला होतास. शाळेच्या वयात पहाटे साडेचारला उठून वडिलांबरोबर तळघरातल्या जिममध्ये वजनं उचलणाऱ्या पोराकडून अपेक्षा तरी दुसरी काय करणार. (तुला सातच्या बससाठी उठवताना आमची काय दशा व्हायची, ते इथे लिहीत नाही.)

आता सॅकच्या रकान्याकडे येतो, कारण तुझा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. चेंडू हातातून सुटायच्या आत क्वार्टरबॅकला लोळवला की एक सॅक. १९८२ पासून लीग याची अधिकृत नोंद ठेवते, आकडा नेटका आहे, म्हणून सगळे त्यावर टेकतात. पण सुपर बोल, लीगचा अंतिम सामना, आठव, फेब्रुवारी २०२२. रॅम्स २३, सिनसिनाटी २०, शेवटचं मिनिट. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे सरकायच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) सिनसिनाटीला एक यार्ड हवा. त्यांचा पेराइन चेंडू घेऊन घुसला आणि डोनाल्डने त्याला जागीच धरला. चौथ्या डाउनला पुन्हा तोच एक यार्ड. डोनाल्ड गार्डला ओलांडून गेला, त्यांचा क्वार्टरबॅक बरो, त्याच्या कमरेला हात घालून त्याला गरकन फिरवला. बरोने पडता पडता चेंडू कसाबसा भिरकावला आणि तो रिकाम्या जागी पडला. मॅच संपली. डोनाल्ड अंगठीच्या बोटाकडे दाखवत पळाला. त्याच्या आयुष्यातले सगळ्यात मोलाचे हे लागोपाठ दोन डाव, आणि तुझ्या सॅकच्या रकान्यात दोन्हींची किंमत शून्य. एकात रन अडवला, दुसऱ्यात चेंडू हातातून सुटला होता.

म्हणून मी म्हणतो, लाइनमन बघताना त्याच्याकडे कमी आणि समोरच्या पाचांकडे जास्त बघ. सेंटर (रांगेतला मधला) चेंडू मागे देऊन कुणाकडे वळला? गार्ड एकटा आहे की मदत मागतोय? ज्याला अडवायला दोन माणसं लागतात, तो बाकीच्या तिघांना एकास एक लढत मिळवून देतो. डोनाल्ड तर गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर, म्हणजे थ्री-टेक्निकला उभा राहायचा. तिथे दोघं अंगावर येणं रोजचंच. कडेच्या एंडला मोकळं पळायला मिळतं, आतल्याला गर्दीतून वाट काढावी लागते. तू दोघांचे सॅक एकाच पट्टीने मोजलेस. २०१८ साली त्याने आतून साडेवीस सॅक केले. त्या साडेवीसला एंडच्या साडेवीसपेक्षा जास्त वजन द्यायला हवं. किती, ते तू ठरव. स्टॅटिस्टिक्स तू शिकतेस.

यावर तू म्हणशील, बाबा, व्हर्नन गोल्स्टनचं काय? बरोबर. ओहायो स्टेटला २००७ च्या एका मोसमात १४ सॅक, कम्बाइनमध्ये शरीर दगडात कोरल्यासारखं, २००८ ला जेट्सनी सहाव्या नंबरला घेतला आणि तीन वर्षांत एकही सॅक नाही. म्हणजे माप उत्तम, आकडे उत्तम, आणि तरी शून्य. माझं मत विचारशील तर तो कॉलेजात समोरच्याला ताकदीने चिरडून जिंकायचा. ताकद अडली की पुढे काय, याचं उत्तर त्याच्या हातांत नव्हतं. त्यात कॉलेजात हात जमिनीला टेकून सुटणाऱ्या माणसाला जेट्सनी उभा करून लाइनबॅकर केला. निम्मा दोष घेणाऱ्याचाही असतो.

डोनाल्डच्या बाबतीत नेमकी उलटी खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते. पिटमध्ये चार वर्षांत त्याने तीन हेड कोच पाहिले. दर वेळी मांडणी नवी, भाषा नवी, आणि हा दर वर्षी रेषेमागे माणसं पाडतोच आहे. २०१२ ला सॅक साडेपाचवर घसरले, पण रेषेमागचे टॅकल (तिथे माणूस पाडल्याची नोंद) वाढलेच. २०१३ ला ते साडेअठ्ठावीसवर गेले. पुढे लीगमध्येही तसंच. २०१७ ला वेड फिलिप्स रॅम्सकडे आले आणि त्यांनी ३-४ मांडणी आणली, जिच्यात हा बसणार नाही म्हणून टीमा बिचकत होत्या. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी, दोन्ही वेळा सर्वोत्तम बचावपटू हाच.

क्लाउनीला तू "फेल" लिहिलंयस, ते मात्र खोड. पहिल्याच वर्षी गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. पहिल्या दहा मोसमांत सॅकचा दोन आकडी मोसम एकही नाही हे खरं, २०१७ आणि २०२३ ला साडेनऊपर्यंत पोचला. पण तीनदा प्रो बोलला (लीगच्या निवडक खेळाडूंत) गेला आणि रन अडवण्यात तो पहिल्या प्रतीचा होता. पहिल्या नंबरच्या अपेक्षेला उणा पडला म्हण, फेल नको म्हणूस. आणि निकाल पहिल्या वर्षी लावूच नकोस. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारातलं पाचवं वर्ष घ्यायचं की नाही, हे टीमांनासुद्धा तीन मोसम बघूनच ठरवायचं असतं.

तक्त्यात एक जोडी जरूर घाल: १९९५, माइक मामुला आणि वॉरन सॅप. मामुलाने कम्बाइनच्या कसरतींचाच खास सराव केला होता. तिथे चमकला आणि फिलाडेल्फियाने बाराव्यावरून सातव्या जागी सरकून त्याला घेतला. ती बारावी जागा गेली टँपा बेकडे, आणि त्यांनी तिथे सॅप घेतला, जो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. मामुला वाईट नव्हता हो, पण त्या सौद्यात फिलाडेल्फियाने काय दिलं ते बघ.

शेवटचं, आणि हे तुझ्या सरांच्याही लक्षात येईल. तुझा सगळा डेटा ड्राफ्ट झालेल्यांचा आहे. जॉन रँडल १९९० साली ड्राफ्टच झाला नाही. उंची सहा-एक, वजन कमी. वजन भरावं म्हणून कपड्यांखाली साखळी लपवून तो काट्यावर उभा राहिला, अशी गोष्ट सांगतात. त्याचे १३७.५ सॅक आहेत, डोनाल्डच्या १११ पेक्षा जास्त, आणि तोही आतल्या जागेवरून. तुझ्या तक्त्यात तो येऊच शकत नाही. त्याला कुठे बसवतेस ते मला कळव.

फराळाचं पार्सल सोमवारी टाकतोय. चकल्या सगळ्यात वर आहेत.

तुझा,
बाबा